पाळलेले जंतू

जंतू म्हटलं की बाबांच्या कपाळावर आठी. साहजिकच आहे, पाणीपुरवठ्याच्या टाक्यांत क्लोरीन सोडण्यात सगळी हयात गेली. आणि आता हाच माणूस लेकीच्या पोटातले जंतू जगावेत म्हणून देवाला साकडं घालत होता!

लेक म्हणजे चिमणी. बाकीचे सगळे उपाय थकल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिच्या यकृतातल्या कर्करोगाच्या गाठीत प्रयोगशाळेत घडवलेले जंतू टोचले होते. गाठीत वस्ती करायची, तिथेच औषध तयार करायचं आणि शरीराची झोपलेली प्रतिकारशक्ती जागी करून गाठीवर सोडायची, एवढंच त्यांचं काम. "ताप आला तर घाबरू नका," बाई म्हणाल्या होत्या. "जंतू रुजल्याची ती खूण."

ताप आला तेव्हा बापलेक खुळ्यासारखे हसले. "लागले बघा कामाला!" चिमणी म्हणाली. पण दुपारपर्यंत ताप चढतच गेला, रक्तदाब कोसळला. शुद्ध हरपण्याआधी तिनं बाबांचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, काहीही झालं तरी त्यांना मारू देऊ नका. माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही हो."

बाबांनी वचन दिलं. दुसरं काय करणार होते बिचारे?

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "काका, जंतू गाठीबाहेर पडून रक्तात पसरलेत. अँटिबायोटिक लगेच द्यायला हवं. पण तिनं आम्हालाही आधीच नको म्हणून बजावलंय, म्हणून तुम्हाला विचारतेय."

"मग गाठीतले?"

"तेही मरतील."

"पुन्हा सोडता येतील की!"

"नाही. शरीर आता त्यांना ओळखतं. दुसऱ्यांदा टिकू देणार नाही."

"थोडं थांबा ना बाई! तासभर तरी. पाया पडतो तुमच्या!"

"तासाभरात पोर हातची जाईल, काका."

बाबांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. वचन मोडलं तर उद्याची आशा गेली, पाळलं तर आजच सगळं संपलं. हे असलं बापानं ठरवायचं?

"द्या," ते म्हणाले, आणि भिंतीला डोकं टेकून ढसाढसा रडले.

सकाळी ताप उतरला. चिमणी उठून बसली. चेहऱ्यावर रंग, आणि चक्क भूक!

"बाबा, कित्ती हलकं वाटतंय! केलं ना त्यांनी काम?"

बाबा पेल्यात पाणी ओतत राहिले.

"अहो, बोला की!"

"सांगतो. आधी पोटभर खाऊन घे."

ती अगदी मन लावून खाऊ लागली. किती दिवसांनी पोर अशी खात होती! ताटातलं संपूच नये, असं बाबांना वाटत होतं.