वायरलेसची बॅटरी

साल दोन हजार सतरा. डिसेंबरात ओखी वादळ आलं, ते साल. चिखल्याच्या मच्छीमार वस्तीतली जुनी माणसं म्हणत, मार्गशीर्षातला समुद्र गाईसारखा गरीब. त्या वर्षी गाय उधळली. आदल्या दिवशी वीज गेली आणि तिच्यामागोमाग मोबाईलही मुके झाले.

किनाऱ्यावरचं शेवटचं घर हिराबाईचं. होड्यांशी बोलायचा वायरलेस तिथेच, देवाच्या खोलीत होता. त्याची अँटेना मागच्या ताडाला बांधलेली. सगळ्या होड्या परतल्या होत्या. राहिली होती एकच, हिराबाईच्या थोरल्याची, रविंद्रची.

उजाडताना सेटमधून त्याचा आवाज खरखरत आला. "कविता, जवळ पोचलोय. खाडीत घुसू काय? इंजिन धापा टाकतंय."

त्याच्या बायकोने, कविताने, धावत जाऊन बोलायचं बटण दाबलं. सेटचा दिवा मिचमिचला आणि गेला. बटण सोडलं की पुन्हा रविंद्रचा आवाज. बॅटरी उतरली होती. ऐकण्यापुरता जीव तिच्यात उरला होता, बोलण्यापुरता नव्हता.

आणि बोलणं तर भागच होतं. पहाटेच्या ओहोटीत खाडीच्या तोंडाशी शिरलेली एक होडी वाळूच्या दांड्यावर आपटून फुटली होती. माणसं दोराने ओढून काढावी लागली. समुद्राकडून येणाऱ्याला तो दांडा दिसत नाही. दुपारची भरती चढेपर्यंत बाहेरच थांब, एवढं रविंद्रला कळायला हवं होतं. त्यात बंदराची रीत अशी, की अडचण असेल तर घर ओरडणार. घर गप्प म्हणजे रस्ता मोकळा.

धाकटा दीर दिपक मांडववाल्याचा जनरेटर आणि चार्जर घेऊन आला. जनरेटर पडवीत धडधडू लागला.

"वहिनी, साठ अँपिअर-तासांची बॅटरी आहे ही. सहा अँपिअरने सावकाश पाजावी लागते. संध्याकाळ होईल."

"संध्याकाळी मी कोणाशी बोलू? सेट थेट जनरेटरवर लाव."

"जळून जाईल."

"मग हिलाच जास्त सोड."

दिपकने चार्जरचा खटका वीसवर नेला. काटा उडाला. व्होल्ट चौदावर गेले, पंधराला टेकले. बॅटरी जुनी, चुलीवरच्या पेजेसारखी आतून खदखदायला लागली. पावसामुळे दारंखिडक्या बंद होत्या. घशात आंबट, जळजळीत वास बसला. कविताने खिडकी ढकलली, तर पावसाचा सपकारा थेट चार्जरवर. तिने ती लगेच लावून घेतली.

तेवढ्यात दिपकचं लक्ष समईकडे गेलं. बॅटरीपासून हातभर अंतरावर ती शांत जळत होती.

"आई, समई बाहेर ने! बॅटरीतून निघतो तो गॅस पेटतो. तलासरीला गॅरेजात एकाने अशीच बॅटरीजवळ बिडी पेटवली. तोंडावर फुटली. डोळा गेला त्याचा."

हिराबाई जागची हलली नाही. "होडी लागेपर्यंत दिवा हलवत नाहीत. तुझा बाप हरवला होता तेव्हा हाच दिवा होता, आणि तो आला."

"मग चार्जर बंद करतो."

"खबरदार बंद केलास तर!"

"तुला दोन्ही पाहिजे?"

"आई आहे मी. मला दोन्हीच पाहिजे."

सेट खरखरला. "कोणी बोलत नाही... म्हणजे मोकळं दिसतंय. येतो."

कविताने समई उचलली. हिराबाईने तिचं मनगट धरलं. "घर बुडवशील माझं!"

"सोडा, आई. माझंही घर त्याच होडीत आहे."

पकड आपोआप सैल झाली की आपणच हिसडा दिला, हे कविताला नंतरही सांगता येईना. पदराआड समई धरून ती पडवीत आली, आणि वाऱ्याने एका फटक्यात ज्योत नेली. हिराबाईने दारातून पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आत येऊन कविता बॅटरीपाशी बसली. खदखद चालूच होती. एवढ्याशा विजेत चार शब्द तरी मावतील का? अखेर दिपकने आधी चार्जर बंद केला, मग चिमटे काढले, ठिणगी पडायला नको म्हणून. "बोला वहिनी, थोडक्यात."

बटण दाबलं. दिवा टिकला.

"अहो, येऊ नका! दुपारची भरती चढू दे. बाहेरच थां..."

सेट विझला. बॅटरी हात लावता येऊ नये इतकी तापली होती. उत्तर आलं नाही. आलं असतं तरी आता ऐकणार कशात?

तिघं पावसात किनाऱ्यावर धावली. होडी दिसत होती. तिची नाळ, पुढचं टोक, सरळ खाडीच्या तोंडाकडे. एक लाट, दुसरी लाट, अजून ती येतच होती. कविताने दिपकचा दंड इतका आवळला की तो कळवळला. मग होडी आडवी झाली, भयंकर डोलली, आणि हळूहळू तिने नाळ समुद्राकडे फिरवली.

हिराबाई दुपारपर्यंत तिथेच ओल्या वाळूत बसून राहिली.

दुपारी भरती चढली आणि होडी दांड्यावरून अलगद आत आली. रविंद्रने पहिला प्रश्न केला, "एवढी ओरडलीस कशाला? 'येऊ नका' एवढंच ऐकलं मी."

पुढल्या मोसमानंतर रविंद्रने होडीतला वाटा काढून घेतला. आता उंबरगावला कारखान्यात पाळ्या करतो. दिपकने तलासरीला बॅटऱ्यांचं दुकान टाकलं. दोन हजार अठराच्या अखेरीला तिथे भूकंपाचे हादरे सुरू झाले, तेव्हा तंबूत राहणाऱ्यांचे दिवे त्याच्याकडेच चार्ज होत. वायरलेस अजून कविताच सांभाळते. रस्ता मोकळा असला तरी ती प्रत्येक होडीला तसं मोठ्याने सांगते. हिराबाई त्यानंतर कितीतरी महिने सुनेशी थेट बोलली नाही, सगळे निरोप दिपककडून. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात ती गेली. शेवटच्या दुखण्यात मात्र पाणी मागायची ते कविताच्याच हातचं, आणि दुसऱ्या कोणी आणलं तर पेला परत पाठवायची.