पुरे म्हणजे किती?

मी एक जुना सिंथेसायझर आहे. पट्ट्या पेटीसारख्याच, फक्त भात्याच्या जागी वीज. मित्रांनो, मी स्वभावाने संशयी आहे. दोन मालकांनी मला न विचारता विकले, आणि दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते.

माझा जन्म स्वीडनमधला. तिसरा मालक ऐनार, नाचाची गाणी रचणारा हडकुळा तरुण. तो मला घेऊन अमेरिकेत, सनीव्हेलच्या एका अपार्टमेंटमध्ये आला. शेजारी रेणू नावाची इंजिनिअर आणि तिची आई रत्नाकाकू राहत. काकू पहिल्यांदा दारात उभ्या राहिल्या, तेव्हा या आवाजाची तक्रार करणार अशी माझी खात्रीच झाली. त्यांच्या हातात थालीपिठांचा डबा होता.

पुढे तिघे आमच्याच खोलीत जेवू लागले. रेणू ‘पुरे’ म्हणे आणि काकू तिच्या ताटात आणखी एक टाकत. पुन्हा ‘पुरे’, पुन्हा एक. ऐनारने हे नीट पाहिले आणि मनाशी अर्थ लावला, ‘पुरे’ म्हणजे ‘आणखी’. त्याने ताट पुढे करून ‘पुरे’ म्हटले. त्याला दोन मिळाली. पोरगा किती संकोची आहे, असे काकूंना वाटले.

त्याने काकूंना माइकसमोर तो शब्द म्हणायला लावला. त्यांनी हसत ‘पुरे, पुरे’ म्हटले. माझ्या सुरांवर तो आवाज चढला आणि गाणे देशभर गाजले. लास व्हेगासला, मायामीला हजारो लोक ‘पुरे, पुरे’ ओरडत आणि ऐनार आणखी वाजवत राही.

कौतुक माझेही झाले, पण माझी वायर जोडलेली नसे. आवाज लॅपटॉपमधून येई आणि मी नुसता शोभेला. मला ते फार लागले. मग एके दिवशी माझ्या वरच्या तीन पट्ट्या मेल्या, असे ऐनार म्हणाला. मॅनेजरने मला विकून टाकायला सांगितले. हा मॅनेजर मला पहिल्यापासून आवडला नव्हता.

कारागीर आला. त्याने मला तपासले आणि सगळ्या पट्ट्या ठणठणीत आहेत असे सांगितले. बिघाड कुठे आहे ते आम्हा दोघांना कळले. डॉक्टरांनी त्याला बजावले होते, मोठा आवाज थांबव, नाहीतर आहे तेवढेही ऐकू येणार नाही. त्याने ते कोणाला सांगितले नाही. चाळीस शो ठरले होते.

त्यातल्या सॅन होजेच्या शोला रेणू आणि काकू आल्या. गर्दीने त्याला सहा वेळा परत बोलावले. शेवटी तो मला उचलून आत आला, तेव्हा काकूंनी मायेने काही विचारले आणि त्याला ते ऐकूच आले नाही. काकूंचा चेहरा उतरला. लोक अजून बाहेर ओरडत होते. तो पुन्हा उठला आणि म्हणाला, “पुरे. त्यांना आणखी हवंय.”

रेणू थबकली. “आई, याला वाटतंय पुरे म्हणजे मोअर.”

काकू हसल्या नाहीत. त्यांनी हात धरून त्याला खाली बसवले. “पुरे म्हणजे बास. थांब. आम्ही ताटावर ऐकत नाही, ती आमची खोड आहे रे. रेणू, सांग त्याला नीट.”

रेणूने त्याच्या कानाशी जाऊन सांगितले. मग त्याने मॅनेजरला बोलावून उरलेले शो कॅन्सल केले.

आता माझी वायर जोडलेली असते. ऐनार दुपारी अर्धा तास हळू आवाजात वाजवतो, ‘पुरे’ म्हणतो आणि खरेच थांबतो. पाहुणा आला की हा मला न्यायला आला नसेल ना, ही शंका मला अजूनही येते.

मित्रांनो, कोणी पुरे म्हटले तर पहिल्यांदाच ऐका. स्वतःचे अंग म्हणाले तर आधी ऐका. थालीपिठाची गोष्ट वेगळी.

माझ्या वरच्या तीन पट्ट्या ऐनारला ऐकू येत नाहीत. तरी तो त्या रोज दाबतो, आणि मी त्या अगदी सुरात वाजवतो.