सारवलेली भेग

मी उंबरा, ठकुबाईच्या घराचा. विंझरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या उतारावर एकोणीस उंबऱ्यांची वाडी आहे, त्यातला सगळ्यात वरचा मी. उंबऱ्यानं गप पडून राहावं, बोलू नये, ही रीत मला ठाऊक आहे. पण गेली तीन वर्षं मला स्वस्थ पडवत नाही. ज्याचं कामच जागेवर राहणं, तो मी चार बोटं सरकलोय.

जन्मानं मी ऐनाचं झाड. ह्याच उतारावर, वाडीच्या माथ्याला उभा होतो. गेनबानं, म्हणजे ठकुबाईच्या मालकानं, लग्नाच्या आदल्या वर्षी मला तोडलं, खांद्यावरून खाली आणलं. सुतारानं तासून चौकटीच्या पायाशी बसवलं. ठकुबाई नवरी होऊन आली तेव्हा तिनं माझ्यावरचंच माप पायानं लवंडलं. एक तांदूळ माझ्या फटीत कितीतरी दिवस अडकून होता.

तेव्हापासून मी माणसं पावलांवरून ओळखतो. ठकुबाईच्या टाचेला चिरा आहेत, पण पाऊल हलकं. सून छाया कायम घाईत. तिचा अंगठा दिवसातून एकदा तरी मला ठेचकाळतो. मुलगा सोमनाथ किकवीला हमरस्त्याकडेच्या वर्कशॉपात कामाला जातो. त्याच्या बुटांना ग्रीसचा वास येतो. गेनबाचं पाऊल जड होतं, सावकाश पडायचं. सहा वर्षांपूर्वी तो चौघांच्या खांद्यावरून बाहेर गेला, मला न लागता.

आमच्या डोंगराला पाऊस काही नवा नाही. चार महिने तो पडायचाच. पण पडायचा रीतीनं, जमिनीला पिऊ देत. तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला. डोंगराच्या पोटात काहीतरी करकरलं. सकाळी बघतात तर वरच्या बांधापासून एक भेग निघालेली. ती अंगणातून आली, माझ्या खालून आत शिरली आणि चुलीपाशी थांबली. दार चौकटीत बसेना. दर पावसाळ्यात ती भेग थोडी रुंदावते, आणि तिच्याबरोबर मीही थोडा जातो.

कधी वाटतं, मला तोडलं तेव्हा माझ्या मुळांनी धरलेली माती सुटली असेल. एका झाडानं डोंगर सरकत नाही, एवढं मलाही कळतं. तरी मन खातं.

गेल्या साली पुण्याच्या एका संस्थेची माणसं वाडीत आली. आमच्याच अंगणात बसली, म्हणून मला सगळं ऐकता आलं. त्यांच्यातली शेफाली मॅडम समजावून सांगत होती. दूरच्या देशांत कारखान्यांनी, गाड्यांनी शंभर-दीडशे वर्षं धूर सोडला, त्यानं हवा तापली, पाऊस बिघडला. आता त्या देशांनी थोडा निधी काढलाय, झळ बसलेल्या गावांसाठी. निधी मिळाला तर उताराला पाण्याचे चर काढतील, जाळीत दगड भरून भिंत घालतील आणि धोक्यातली घरं खालच्या माळावर नेतील.

शेजारचा गोरख खाकरला. "म्हंजे धूर त्यांनी करायचा, खोकला आपुन काढायचा, आन औशिदासाटी अर्ज बी आपुनच लिव्हायचा?"

सगळे हसले. शेफालीही हसली, पण तिनं मान खाली घातली.

"तात्या, अर्ज तर लिव्हू," सोमनाथ म्हणाला.

"लिव्ह बाबा. खोकल्याचा फोटू बी लाव."

ते दाखवणंच पुढं नडलं. निधी थोडा होता आणि मागणारे पुष्कळ. भोर आणि वेल्हे तालुके मिळून यंदा एकच वाडी घ्यायची, असं ठरलेलं. चाळण लागत लागत दोनच उरल्या. एक आमची, दुसरी आंबवड्याकडची. त्या दुसऱ्या वाडीत फुलाबाई दिलेली, गेनबाची धाकटी बहीण, ठकुबाईची नणंद. निधीवाल्यांचा परदेशी पाहुणा दोन्हीकडं येऊन बघणार आणि कुणाची गरज मोठी ते लिहून नेणार.

पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या वाडीनं काय केलं? पाहुणा आल्यावर जे करायचं तेच केलं. आदल्या दिवशी बायांनी शेण कालवलं, लाल माती आणली. एकोणीस घरं सारवून निघाली. ठकुबाईनं माझ्याखालच्या भेगेत आधी दगडाच्या कपच्या ठोकल्या, वर माती दाबली, चोपली, आणि अशी सारवली की हात फिरवला तरी कळू नये. छाया दारात उभी होती. "आत्याबाई, ती भेगच बघाय येत्यात ना ते?"

"येऊं देत की. म्हून काय पाव्हण्याच्या पायाखाली खड्डा ठिवू? घर हाय का गोठा?"

छाया शेणाची पाटी उचलून आत गेली. मला मात्र घाम फुटल्यासारखं झालं. वरून मी नवरदेवासारखा नटलेलो, आणि खाली पोकळ.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. उंच, गोरा, स्वभावानं भला माणूस. बूट अंगणातच काढले. रांगोळी बघून हात जोडले, नाचणीची भाकरी मागून खाल्ली. मग त्यानं कागद काढला. त्यावर एक रकाना होता: दिसणारी भेग.

"आजी, भेग कुठं आहे?" शेफालीनं विचारलं.

"ही काय, हितंच. उंबऱ्याच्या बुडाला," ठकुबाई अभिमानानं म्हणाली. "आत चुलीपतुर हाय. बुजावली कालच."

पाहुणा वाकला. ओल्या सारवणाकडं बघत राहिला. शेफालीचा चेहरा उतरला. सोमनाथला तेव्हा उमगलं. तो धावत पहार घेऊन आला. "थांबा, उकरून दावतो."

ठकुबाई आडवी झाली. "पाव्हणं दारात आसताना उंबऱ्याला पहार लावतूस? आक्कल हाय का?"

"आये, घर जाईल आपलं!"

"जाऊं दे, पर लाज न्हाई जायाची."

सोमनाथचे हात खाली आले. शेफाली हळूच म्हणाली, "राहू द्या. भेग आहे असं घरची माणसं सांगतात, एवढं लिहिते." तिनं लिहिलंही. पण ऐकलेल्या भेगेला त्या कागदात गुण नव्हते. गुण फक्त दिसलेल्या भेगेला.

महिन्याभरानं निकाल आला. फुलाबाईची वाडी लागली.

गेल्या आठवड्यात फुलाबाई टेम्पोत बसून भावजयीला भेटायला आली. माझ्यापाशी येऊन थबकली. आत पाय टाकायचा तिला धीर होईना.

"या वन्सं, या. भिंतवाल्या झाला तुमी," ठकुबाई म्हणाली.

"वैनी, टोमणं मारा, म्या ऐकून घेती. आमची भेग तुमच्यापरास ल्हान हाय. म्या डोळ्यांनी बघितलीया दोनी."

"मंग तुमाला कशी दिली?"

फुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "सून बाळत झाल्याली, हात रिकामा न्हवता. आमी सारवलंच न्हाई."

दोघी क्षणभर एकमेकींकडं बघत राहिल्या आणि एकदम हसू लागल्या. हसता हसता ठकुबाईचे डोळे भरून आले. फुलाबाई तिच्याजवळ सरकली. "पावसाचं चार म्हयनं माज्याकडं ऱ्हावा. तवर आमची भिंत हुईल."

"म्या येती. ह्या बाकीच्या अठरा घरांना कुठं बशिवणार?"

दोन गरिबांपैकी कोण जास्त बुडालंय, हे त्यांच्या दारातल्या भेगा मोजून ठरवायचं, ही कुठली वाटणी? नणंद-भावजयीत आजवर कधी वितुष्ट आलं नव्हतं. त्या निधीनं ते आणलं असतं. सारवण मधे आलं म्हणून हसण्यावारी गेलं.

फुलाबाई गेल्यावर छायानं शेफालीला मोबाईल लावला. पुढच्या यादीसाठी पुन्हा अर्ज करता येतो, मात्र भेग उघडी दिसणारे नवे फोटो लागतील, असं ती म्हणाली. यादी कधी, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

ठकुबाई उठून आत गेली. मग हळदी-कुंकू घेऊन आली. सण नव्हता, वार नव्हता. माझ्यावर दोन बोटं ओढली, डोकं टेकलं आणि पुटपुटली, "रागवू नगा." गेनबाशी बोलायची तसंच. मग पहार स्वतः उचलली. सोमनाथ पुढं झाला, तर त्याला हातानं सारलं. सारवलेली पोपडी फुटली, कपच्या निघाल्या, आणि माझ्या बुडाचं भोक सगळ्या वाडीसमोर उघडं पडलं. छायानं आत हात घातला तर मनगट बुडालं. तसाच तिनं फोटो काढून घेतला.

तेव्हापासून घर उघडं आहे. ठकुबाई रोज सकाळी सवयीनं शेण कालवते, मग आठवतं, आणि ते भोपळ्याच्या वेलाला घालते. तिचे हात असे अवघडलेले मी कधी पाहिले नव्हते. उत्तर अजून आलेलं नाही. राजगडाच्या अंगानं दुपारी ढग चढू लागलेत. ढग दिसला की गोरख वरच्या बांधापर्यंत जाऊन येतो.

ह्या अर्जाचा कागद तुमच्याकडं असेल, तर लवकर करा. ही माणसं किती वाईट दिसतात त्यावर त्यांची गरज मोजू नका. नीटनेटकं राहणाऱ्याच्याही घराखालची जमीन सरकते. पाऊस लागायच्या आत एकोणीस घरांना खालच्या माळावर न्या. जाताना ठकुबाई मला सोबत न्यायचं म्हणेल, सोमनाथला पहार आणायला लावेल. तिचं ऐकू नका, तेवढा वेळ नसेल. तिचा हात धरा आणि तिला माझ्यावरून बाहेर काढा. मी राहतो इथं.