पडझड समिती

कमलेश सर रॅम्पवरून पडले, चांगले उताणे, खांद्यावरच्या शालीसकट, आणि त्या दिवसापासून झोपूनच आहेत.

तर असं काही झालेलं नाही. वर्तकनगरातल्या त्या दिव्यांग शुश्रूषा केंद्रात कोणी पडत नाही. कमलेश सर तिथले मॅनेजर, आणि दारावरचा 'शून्य अपघात' हा बोर्ड त्यांनी स्वतः रंगवून घेतलेला. बोर्ड एवढा झकास झाला होता की त्यानंतर अपघात परवडण्यासारखे नव्हते.

पंढरीसुद्धा असाच पडला नव्हता. पंढरी पूर्वी खोपटच्या एसटी डेपोत कंडक्टर होता. एका अपघातात त्याचं कमरेखालचं शरीर रिटायर झालं. वरचं अजून ड्युटीवर होतं, जीभ तर ओव्हरटाईमवर. रोज संध्याकाळी व्हीलचेअर स्वतः ढकलत तो मागच्या रॅम्पने उतरायचा, गेटबाहेरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि जगाला शिव्या घालून परत यायचा. दिवसातलं तेवढंच त्याचं स्वतःचं होतं.

रॅम्पवरची रबरी मॅट एका कडेला उचकटली होती. संचिता सिस्टरने ते कळवलं. सर म्हणाले, "लेखी देऊ नका हो सिस्टर. लेखी दिलं की अपघात होतात."

लेखी न देताही झाला. पुढचं चाक मॅटमध्ये अडकलं, पंढरी तोंडावर आपटला आणि समोरचे दात रॅम्पवरच राहिले. सिस्टरने रिपोर्टमध्ये मॅट लिहिली. सरांनी ती खोडून लिहिलं: 'रुग्ण स्वेच्छेने जमिनीवर आला.'

वर नियम काढला. आवारात जी कोणी व्यक्ती जमिनीवर येईल तिच्या मनगटाला पिवळा पट्टा, पलंगाला दोन्हीकडून कठडे, जेवायला मऊ खिचडी, आणि पडझड समिती सोडेपर्यंत बाहेर जाणं बंद. समितीचे अध्यक्ष कमलेश सर. त्यांना बैठक घ्यायला वेळ नव्हता. पंढरी होळीपासून कठड्यात होता. आता गणपती आले होते.

"सर, टपरीपर्यंत तरी," पंढरी म्हणायचा.

"तुझ्या सेफ्टीसाठीच आहे रे," सर म्हणायचे आणि हातातला चहा त्याच्यासमोर उभ्याउभ्या संपवायचे.

पंढरी हसायचा. पुढचे दात नसल्यामुळे ते हसणं निरागस वाटायचं. तसं ते नव्हतं.

मग ट्रस्टी काळुरामशेठ आले. केंद्राची जागा त्यांच्या घराण्याची. पूर्वी तिथे भात पिकायचा. शून्य अपघाताबद्दल त्यांनी सरांना शाल आणि नारळ दिला. सर त्यांना बाग दाखवायला मागच्या दाराने घेऊन निघाले. मॅट तशीच होती. ती चिकटवली असती तर सुटली होती हे कबूल करावं लागलं असतं.

नारळ थेट टपरीपर्यंत गेला. सर रॅम्पवरच थांबले, आडवे.

"काही नाही, काही नाही," ते उठायला लागले.

"हलू नका सर," संचिता सिस्टर म्हणाली आणि खिशातून पिवळा पट्टा काढला. तो ती बरेच दिवस जवळ बाळगून होती. "नियम आहे. जी कोणी व्यक्ती."

"अहो, मी मॅनेजर आहे."

"व्यक्ती पण आहात ना?"

सरांनी शेठकडे पाहिलं. शेठ भारावले होते. "याला म्हनतात शिस्त," ते म्हणाले. "स्वताला बी सोडला नाय." आता नको म्हणायचं तर शाल परत करावी लागली असती. सर निमूट स्ट्रेचरवर गेले.

पंढरीच्या शेजारचा पलंग रिकामाच होता. कठडे खटाखट वर चढले. पंढरीने हातांच्या जोरावर स्वतःला कुशीवर वळवलं, कारण असली गोष्ट उताणं पडून बघायची नसते.

"शेठ, समितीचे अध्यक्षच आडवे झालेत," सिस्टर म्हणाली. "पंढरीदादांची केस अडलीय."

"मंग मी बसतो. अजून कोन लागतं?"

"मी, आणि रुग्णांपैकी एक कोणी."

"हाच घ्या." शेठनी पंढरीकडे बोट केलं. "याला पडायचा अनुभव हाय."

बैठक उभ्याउभ्या झाली. पंढरी तेवढा पडून होता. पहिला ठराव, पंढरीला सोडावं. दुसरा, शेठच्या घरी गणपती असल्याने अध्यक्ष यापुढे पंढरी. शेठ मोदकांच्या ओढीने निघून गेले.

संध्याकाळी पंढरी टपरीवरून परत आला. तोवर सरांना स्वतःच्या नियमांची नवी ओळख झाली होती. खिचडीत मीठ नसतं. कठडा ओलांडून उतरताना कोणी पडलं तर दुसरी केस सुरू होते. आणि पट्टेवाल्या रुग्णाच्या संडासाचं दार उघडं ठेवून आयाबाईंनी समोर उभं राहायचं असतं.

"पंढरी, सोड ना यार," सर हळूच म्हणाले.

"सोडतो की. माझ्या रिपोर्टात मॅट लिहा."

"अरे, मग तो बोर्ड, ती शाल... ट्रस्टला काय तोंड दाखवू?"

"माझ्यासारखं दाखवा. हसून." पंढरीने दाखवलं.

"असं काय करतोस? तू मला ओळखतोस."

"म्हणूनच तर, सर. तोंडी नका सांगू. अर्ज द्या."

सरांनी अर्ज दिला. मॅटबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

प्रति,
मा. अध्यक्ष, पडझड समिती.
विषय: संडासाचे दार लोटून घेण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती की, अर्जदारास दिवसातून किमान एकदा सदर दार अर्धे तरी लोटून घेण्याची परवानगी मिळावी. आतून कडी लावली जाणार नाही, याची अर्जदार हमी देत आहे. आयाबाईंनी त्या वेळेपुरते तोंड भिंतीकडे केल्यास अर्जदाराची हरकत नाही. तरी समितीची बैठक तातडीने बोलावून योग्य तो निर्णय व्हावा, ही नम्र विनंती.