टाकेबाई बोलल्या

"प्रार्थनेची खोली हीच का हो?"

टाकेबाईंच्या दातांत दोरा होता. त्यांनी तसंच वर पाहिलं. दारात एक म्हातारा उभा होता. अंगात कामावरचा निळा सदरा, मनगटापर्यंत काळं ग्रीस आणि एका हातात बायकी चप्पल. एकच.

"ती बंद झाली," दोरा तोडून त्या म्हणाल्या. "आता तिथे मोडक्या खाटा ठेवतात. ही धुलाई आहे, बाबा."

"पण जिन्यावरचा बाण तर इकडेच दाखवतोय."

"बाण काढायचा राहिलाय."

म्हातारा मागे वळला, पण गेला नाही. जायचं कुठे हे त्याला सुचत नसावं. पलीकडच्या दालनात कपड्यांची यंत्रं घरघरत होती, वाफेचा ओला, उबट वास सगळीकडे भरून होता. टाकेबाईंनी धुतलेल्या चादरींचा ढीग जरा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "बसा घटकाभर."

रुग्णालयाच्या तळघरातल्या त्या खोलीत टाकेबाईंची सव्वीस वर्षं गेली होती. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, उशांच्या खोळी शिवायच्या आणि रोग्यांच्या झग्यांना नाड्या लावायच्या. नाड्या तर रोज तुटत. ऑपरेशनला निघालेला माणूस हाती दुसरं काही नसलं की नाडीच ओढत बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मागे एका थट्टेखोर सर्जननी म्हटलं होतं, "वरचे टाके माझे, खालचे तुमचे." तेव्हापासून त्या टाकेबाई झाल्या. खरं नाव पगारपत्रकावर तेवढं उरलं.

म्हातारा चादरींवर टेकला. चप्पल मांडीवर ठेवली.

"पोरगी वर ऑपरेशनला आहे माझी," तो म्हणाला. "सकाळी ट्रकने उडवली. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही. नर्सबाई म्हणाल्या, प्रार्थना करा. आता मला काय येतंय? सगळा जन्म वेल्डिंगमध्ये गेला. म्हटलं, खोली आहे तर तिथे कोणी जाणतं माणूस असेल." त्याने टाकेबाईंकडे नीट पाहिलं. "तुम्हाला येते का?"

टाकेबाईंचा हात सुईवरच थांबला.

"मी स्वतः नाही करत," त्या म्हणाल्या. "आमचं प्रार्थनागृह आहे. तिथे चिठ्ठी द्यायची. आमचे थोरले, प्रार्थना चालवतात ते, ती वाचतात आणि देवाला पोचवतात. मी देईन तुमच्यासाठी. शुक्रवारी."

"आज मंगळवार."

"हो."

"मग शुक्रवारपर्यंत डॉक्टर सुरी धरून थांबतील होय?"

तो रागावला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बावीस वर्षांत टाकेबाईंना असं कुणी विचारलंच नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी त्यांची ठकू गेली. चार वर्षांची होती. सकाळी अंग जरासं कोमट लागलं, म्हणून तिला शेजारणीकडे ठेवून टाकेबाई जादा पाळीला आल्या. नवरा बसचा ड्रायव्हर, तो लांबच्या फेरीवर. दुपारी ताप डोक्यात चढला आणि दिवेलागणीला सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ताप फार झपाट्याने चढला, तुम्ही घरी असतात तरी हेच झालं असतं. पण ते शब्द टाकेबाईंच्या कानांवरून गेले, आत शिरलेच नाहीत. आत शिरले ते थोरल्यांचे. त्या आधार मागायला प्रार्थनागृहात गेल्या, तेव्हा थोरले मऊ आवाजात म्हणाले, "आईचा जीव प्रपंचात गुंतला की देव आपली ठेव परत नेतो. तुझं तोंड आता त्याच्यासमोर उघडू नकोस. काय मागायचं ते लिहून दे. आम्ही पोचवू."

तेव्हापासून दर शुक्रवारी शेवटच्या ओळीत बसायचं आणि पेटीत चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीत एकच वाक्य असे: मला क्षमा व्हावी. देवाशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. स्वयंपाक करताना चुकून "अरे देवा" तोंडातून निसटलं तरी जीभ चावत. घरात ठकूचं नाव निघत नसे. शोक म्हणजे कुरकुर, असंही थोरल्यांनी सांगितलं होतं.

"बाई," म्हातारा हळूच म्हणाला, "तिथे वर काय चाललंय कोण जाणे. चार शब्द बोला की. चुकलं तर मी नाही सांगणार कुणाला."

टाकेबाईंनी सुई टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचली. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून मांडीवरच्या झग्याखाली घेतले.

"देवा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. थोरल्यांच्या प्रार्थनेत मोठमोठे शब्द असत, घंटेसारखे. त्यांतला एकही आठवेना. "देवा, मी धुलाईतून बोलतेय. टाके घालते, ती."

फोनवर बोलावं तसं झालं. त्या ओशाळल्या. पण म्हातारा डोळे मिटून बसला होता. त्याला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

"वर एक मुलगी आहे. वय काय हो तिचं?"

"एकतीस."

"एकतीस वर्षांची आहे. तिचा बाप माझ्याजवळ बसलाय. सकाळपासून पोटात काही गेलेलं दिसत नाही. त्याला दुसरं कुणी नाही."

"भाऊ आहे," म्हातारा मध्येच म्हणाला. "पण लांब असतो."

"भाऊ आहे, लांब असतो. तर तिला सांभाळ. डॉक्टरांच्या हाताशी उभा राहा. बस, एवढंच."

एवढंच म्हणून त्यांनी तोंड मिटायचं ठरवलं, पण तोंड ऐकेना.

"माझीपण होती एक. तुला माहीतच आहे, तुझ्याकडेच आहे ती. तिला उजव्या कुशीवर झोप लागत नाही. डावीकडे वळवावं लागतं आणि कानामागे जरा खाजवावं लागतं. हे तुला कुणी सांगितलं की नाही, कोण जाणे. चिठ्ठीत लिहायचं राहिलं."

पलीकडची यंत्रं थांबली होती. म्हाताऱ्याने डोळे उघडले. त्याने आपला ग्रीसने माखलेला हात शिवणाच्या टेबलावर, टाकेबाईंच्या कोपराजवळ ठेवला. मग घाईघाईने उचललाही, कारण खाली पांढरी चादर होती.

"राहू दे," टाकेबाई म्हणाल्या. "इथे धुतातच."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. सदरा तोच.

"जीव वाचला," तो दारातूनच म्हणाला. "पाय गेला. गुडघ्याखालून कापावा लागला."

अपात्र तोंडाचं मागणं उलटतं, हे थोरल्यांचं ठरलेलं वाक्य. रात्रभर टाकेबाईंना हलकं आणि अनोळखी असं बरं वाटलं होतं आणि त्याचीच भीतीही वाटत होती. ती भीती खरी ठरली.

"माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. "मी बोलायला नको होतं."

म्हाताऱ्याला काही कळेना. "तुमच्यामुळे? म्हणजे ट्रक तुम्ही चालवत होतात होय?"

"तसं नाही हो..."

"मग पाय ट्रकने नेला, बाई. तुम्ही मध्ये कुठून आलात?" तो आत येऊन कालच्या जागी बसला. "शुद्धीवर आली. पहिलं काय म्हणाली सांगू? म्हणाली, बाबा, सदरा बदला, वास येतोय." तो हसला आणि हसता हसताच त्याचा चेहरा वाकडा झाला. "पायाचं अजून सांगितलं नाही तिला. संध्याकाळी सांगायचंय. कसं सांगू?"

टाकेबाई उठल्या.

"आधी सदरा काढा," त्या म्हणाल्या.

बाहेरचे कपडे यंत्रात घालायचे नाहीत, असा नियम होता. टाकेबाईंनी सदरा स्वतःच्या हाताने चोळला, पिळला, वाफेच्या नळावर वाळवला. तोवर म्हातारा रोग्याचा झगा घालून चादरींवर बसून राहिला, नाडी बोटांना गुंडाळत. इस्त्रीवाली पोरगी डोकावली, त्याला पाहून तोंडावर हात धरून पळाली. सदऱ्याची एक गुंडी निघाली होती, तीही टाकेबाईंनी लावली. सदरा त्याच्या हाती देताना म्हणाल्या, "सरळ सांगा. आणि सांगितल्यावर उठून जाऊ नका. बसा तिच्यापाशी."

शुक्रवारी त्या प्रार्थनागृहात गेल्या, पण चिठ्ठी लिहिली नव्हती. लिहायला बसल्या होत्या, पण 'मला' हा शब्द लिहून पेन थांबलं. ज्याच्याशी मंगळवारी आपण तोंडाने बोललो, त्याला आज दुसऱ्याच्या हाती निरोप धाडायचा, हे त्यांना विचित्र वाटू लागलं. घरात समोरासमोर बसून नवऱ्याला पत्र टाकावं तसं.

पेटीपाशी थोरले स्वतः उभे होते. तेही आता थकले होते, काठीवाचून चालवत नसे.

"चिठ्ठी?"

"नाही आणली. मी बोलले, थोरले. स्वतःच."

त्यांच्या भुवया वर गेल्या. "कुणाला विचारून?"

"विचारायला वेळ नव्हता. एका माणसाची मुलगी ऑपरेशनला घेतली होती."

"मग? काय झालं तिचं?"

टाकेबाई खोटं बोलू शकल्या असत्या. "वाचली," त्या म्हणाल्या. "पाय गेला."

थोरल्यांनी हलकेच मान हलवली. त्यांचा आवाज बावीस वर्षांपूर्वीइतकाच मऊ होता. "पाहिलंस?"

त्या एका शब्दाने टाकेबाई नेहमीच्या शेवटच्या ओळीकडे निघाल्या असत्या. पाऊल वळलंही. पण तेवढ्यात कुणीतरी कानाशी बोलावं तसा तो वेल्डिंगवाला आठवला: तुम्ही मध्ये कुठून आलात?

"थोरले," त्या म्हणाल्या, "ठकूला ताप होता."

"काय?"

"माझ्या मुलीला. ताप होता. त्याने गेली ती. डॉक्टरांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी तुमचं ऐकलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला दोष नाही देत. तुम्हालाही कुणी असंच सांगितलं असेल. पण आता मला जाऊ द्या. मला त्याच्याशी फार बोलायचंय, आणि ते चिठ्ठीत मावणार नाही."

थोरल्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांना काही बोलायचं होतं, असं टाकेबाईंना वाटलं. पण आत लोक खोळंबले होते, कुणीतरी हाक मारली आणि थोरले वळले.

बाहेर उन्हं उतरत होती. समोरच्या बसथांब्यावर त्यांचा नवरा बसला होता. निवृत्त झाल्यापासून तो दर शुक्रवारी त्यांना सोडायला येई आणि त्या बाहेर येईपर्यंत तिथेच बसे. आत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. का, ते त्याने सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

"आज शाळा लवकर सुटली?" तो म्हणाला.

"नाव काढून घेतलं."

तो सरकून बसला. टाकेबाईंनी त्याला सगळं सांगितलं. म्हातारा, त्याच्या मांडीवरची चप्पल, सदरा, थोरले. ठकूच्या डाव्या कुशीचंही सांगितलं. ठकूचं नाव ऐकल्यावर त्याने मान खाली घातली.

"कानामागे खाजवावं लागायचं," तो म्हणाला.

"तेही सांगितलं मी."

"बरं केलंस." त्याने प्रार्थनागृहाच्या दाराकडे पाहिलं. "अगं, असं कुणालाही बोलता येतं का? म्हणजे मी तर इतकी वर्षं बाहेरच बसलोय."

"बोला की. मला तरी कुठे येत होतं?"

त्याने टोपी काढली. साहेबासमोर उभा राहिल्यासारखा ताठ झाला, मग पुन्हा सैल पडला. समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "तिला एकदा माझ्या गाडीत पुढे बसवायचं कबूल केलं होतं मी. माझ्या शेजारी. ड्यूटीवर तसं चालत नाही, नियम आहे. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी डेपोत नेऊन बसवतो. तर ते..." तो थांबला. "ते राहिलं. ते तेवढं तू बघ."

टाकेबाईंनी त्याचा हात हातात घेतला. बावीस वर्षं दोघं एकाच घरात हे ओझं वेगवेगळं उचलून चालत होते.

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हर जुना ओळखीचा होता. थांब्यावर आपला माणूस दिसल्यावर त्याने गाडी अगदी जवळ घेतली, दार उघडलं आणि ओरडला, "चला काका, चला काकू! जागा आहे पुढे!"

टाकेबाईंच्या नवऱ्याने टोपी धरलेला हात हलवला.

"तू जा, बाळा," तो म्हणाला. "आमचं जरा बोलणं चाललंय."