खिडकीकडची खुर्ची

भिंगरीला तिच्या मावशीकडे ठेवायचं जवळजवळ ठरलं होतं. रविवारी मावशी येणार, जेवणार आणि पोरीला घेऊन जाणार. बाप हे सांगत होता ते ताटाकडे बघत, आणि त्याची नवी बायको बघत होती त्याच्याकडे. भिंगरीची आई जाऊन बराच काळ लोटला होता. या बाईला घरात येऊन मात्र वर्षही झालं नव्हतं.

"तुमचं दोघींचं जमत नाही," तो म्हणाला. "दोष कुणाचाच नाही."

"रोज कुठे जमत नाही? काल तर माझ्या मांडीवर पाय टाकून गोष्ट सांगत होती."

"आणि आज ताट ढकलून उठली."

हेच तर दुखणं होतं. पोरीने सरळ डूख धरला असता तरी निभावून नेलं असतं. पण ही एक दिवस काकू-काकू करत मागेमागे फिरायची आणि दुसऱ्या दिवशी जेवता जेवता फुरंगटून खोलीची कडी लावून घ्यायची. मग बाप दाराबाहेर उभा राहून आइस्क्रीमचं आमिष दाखवायचा. पोरगी बाहेर यायची, भांडण मिटायचं. बिनसलं कशावरून, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही.

ऑफिसातही त्या आठवड्यात काकूच्या डोक्याला असाच ताप झाला होता. तिची कंपनी दवाखान्यांचे तपासणी अहवाल साठवून ठेवायची. त्यासाठीचे प्रोग्रॅम छोट्या छोट्या बंद डब्यांत भरलेले असायचे, आणि कुठला डबा कुठल्या सर्व्हरवर उतरवायचा हे एक मोठा प्रोग्रॅम ठरवायचा. ऑफिसात त्याला सगळे मुकादम म्हणत. आता त्यातले काही डबे अहवाल ठेवायला गेले की 'परवानगी नाही' म्हणून हात हलवत परत यायचे. सगळे नाही, आणि नेहमीही नाही.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं नाव रिस्टार्टराव पडलं होतं, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध.

"बंद करून चालू केला की चालतो ना डबा? मग कशाला खोलात शिरतेस?"

"चालतो, पण का चालतो?"

"सुखातला जीव दुःखात घालायची हौसच आहे तुला!"

तिने मनावर घेतलं नाही. डब्यात काय बिघडलंय हे सोडून, अडला तेव्हा डबा होता कुठे, हे ती बघत बसली. आणि चोर सापडला. अडलेले सगळे डबे एकाच सर्व्हरवरचे निघाले. रिस्टार्ट केला की मुकादम डबा दुसरीकडे उतरवायचा, म्हणून तो बरा झाल्यासारखा वाटायचा. त्या सर्व्हरला जुनी डिस्क जोडलेली होती, आणि तिच्यावरचा फोल्डर केव्हाच बंद झालेल्या एका प्रोग्रॅमच्या नावावर होता. मालक निघून गेला होता, फोल्डर अजून त्याचाच होता. तिने एका ओळीचा हुकूम लिहून मालक बदलला. तक्रार मिटली. रिस्टार्टरावाने निमूटपणे कॉफी आणून दिली.

कॉफी पिता पिता ती थबकली. भिंगरी बिनसते तेव्हा आपण काय बोललो, काय रांधलं, हे तिने शंभरदा आठवून पाहिलं होतं. आपण बसलो कुठे होतो, हे एकदाही नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाला चार खुर्च्या. ती सगळ्यात शेवटी यायची आणि रिकामी दिसेल ती ओढायची. पोरीने गोष्ट सांगितली त्या दिवशी तिच्या शेजारची. ताट ढकलून उठली त्या दिवशी खिडकीकडची. त्याआधी पोरीने ताट ढकललं तेव्हाही खिडकीकडचीच.

संध्याकाळी भांडी पुसताना तिने हळूच विचारलं, "खिडकीकडच्या खुर्चीत आई बसायची का गं?"

भिंगरीचा फडक्यातला हात थांबला. "तिथून मी शाळेतून येताना दिसायचे तिला." मग ती पुन्हा ताट पुसू लागली. "बाबांच्या लक्षातच नाही."

"मग मला सांगायचं ना, वेडे."

"तू उठली असतीस. तुला वाईट वाटलं असतं."

एवढ्याशा जीवाने आपलं मन राखायला इतके दिवस तोंड बंद ठेवलं, या विचाराने तिला रडूच आलं. घरात मालक बदलायचा हुकूम चालत नाही, आणि चालला असता तरी तिने तो दिला नसता. त्या दिवसापासून ती त्या खुर्चीकडे फिरकली नाही. पण मावशीचं येणं काही टळलं नाही. बापाने शब्द दिला होता, आणि भिंगरीला 'तू जाऊ नकोस' म्हणायचा हक्क आपल्याला आहे का, हेच तिला कळेना.

रविवारी मावशी आली. भिंगरीची भरलेली बॅग दाराशी उभी होती. बाप, मावशी, भिंगरी बसले. खिडकीकडची खुर्ची तेवढी उरली. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं.

"अगं, खुर्ची आहे की रिकामी," बाप म्हणाला.

"मला स्टूल बरं पडतं."

भिंगरी उठली. आपलं ताट उचलून तिने ते खिडकीपाशी ठेवलं आणि आईच्या खुर्चीत चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"काकू, तू माझ्या खुर्चीत बस. ते स्टूल डुगडुगतं."

काकू बसली. खुर्ची अजून उबदार होती.

"आणि बॅगेचं काय करायचं, बाई?" मावशीने डोळे पुसत विचारलं.

"तूच येत जा ना इकडे," भिंगरी म्हणाली, आणि काचेला नाक लावून बाहेर बघू लागली. "इथून पार कोपऱ्यापर्यंत दिसतं. काकू, उद्या तू ऑफिसातून येताना मला दिसशील."