केसरबाईचे तीन खाडे

१९९६ साली सिल्वासाजवळ नरोलीच्या एका सूत कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळत होतो आणि त्याचा मला भलताच तोरा होता. गेटवर नवं यंत्र बसवलं होतं. प्रत्येक कामगाराला शर्टाच्या गुंडीएवढी पोलादी चावी दिली होती. ती यंत्राला टेकवली की माणूस कोण ते माझ्या कॉम्प्युटरला कळायचं, यंत्र पीं करायचं आणि हजेरी लागायची. महिन्यात तीन खाडे झाले की नाव कमी.

पॅकिंगमधली केसरबाई नंदुरबारकडची, जवळच्याच सामरवरणी गावात खोली घेऊन राहणारी. तिचे तीन खाडे निघाले.

"मी तं रोज येते, भाऊ," ती म्हणाली. "चावी लावते. कधी कधी ते बोलतच नाही, अन् मागचे ढकलता."

"मशीन खोटं बोलत नाही, बाई," मी सुनावलं. तिच्या सुपरवायझरनेही कॉम्प्युटरकडे बोट दाखवून अंग काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, तिला खोटं पाडायलाच, मी गेटवर उभा राहिलो. बाकीचे पीं होईपर्यंत चावी दाबून धरत होते. ही मात्र देवळाच्या उंबऱ्याला हात लावावा तशी चावी जेमतेम टेकवून हात कपाळाला न्यायची. तरी पीं झालं. मग त्या तीन दिवशी का नाही? तारखा पाहिल्या, तर तिन्ही सोमवार. सोमवारी सकाळी मी आठवड्याच्या याद्या छापायला लावायचो. छपाई मागच्या मागे चालू राहावी आणि मला दुसरं काम उरकता यावं म्हणून एक प्रोग्रॅम मीच, कोणाला न विचारता, घातला होता. तो चालू असला की चावी ओळखायला कॉम्प्युटरला दोन सेकंद लागत. काढून पाहिला, तर चावी टेकताक्षणी ओळख पटली. म्हणजे सोमवारी ओळख पटायच्या आतच केसरबाईचा हात कपाळाला गेलेला असायचा.

मॅनेजरसाहेबांना सगळं खरं सांगितलं.

"मशीन चुकतं हे कळलं तर उद्या सगळेच दारात येतील," ते म्हणाले. "तो प्रोग्रॅम काढून टाका. बाईकडून माफीनामा घ्या, मग ठेवून घेऊ."

तीन दिवस न सांगता घरी राहिले, माफी असावी, असं मीच माझ्या अक्षरात लिहिलं.

"काय लिहेल आहे, भाऊ?" केसरबाईने विचारलं.

"कामावर ठेवतायत, असं."

तिने अंगठा उमटवला. "तुमच्यामुळं राहिलं माझं काम," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "यापुढे चावी नीट दाबत जा."